टॅकोमाचे गवंडी आणि क्योटोचे गाणे

१९७० सालच्या उन्हाळ्यात जपानात एक गाणे घरोघर ऐकू येत होते. त्याचे नाव 'क्योटो नो कोई', म्हणजे क्योटोची प्रीती. गाणारी होती नागिसा युको, पंचविशीच्या आसपासची तरुणी. शब्द हायाशी हारुओ या गीतकाराचे. गाणे विरहाचे होते आणि त्याला पार्श्वभूमी होती क्योटो या जुन्या राजधानीची. जपानी मनाला या नगरीविषयी जी ओढ आहे ती आपल्या वाराणशीविषयीच्या ओढीहून फारशी वेगळी नाही. गाणे ऐकणाऱ्याला वाटावे, हे तिथल्याच मातीतून उगवले आहे. तथापि तबकडीवर संगीतकार म्हणून जे नाव छापले होते ते कोणा जपानी गृहस्थाचे नव्हते. ते 'व्हेंचर्स' या अमेरिकन वादकांच्या बँडचे होते. हा बँड ज्या दोघांनी उभा केला ते पूर्वाश्रमीचे गवंडी, आणि जपानी ही त्यांची भाषा नव्हे.

ही मंडळी क्योटोच्या गाण्यापर्यंत कशी पोहोचली, आणि त्या प्रवासात कोणी कोणाला काय दिले, हा आमचा आजचा विषय आहे. वसंतातल्या व्यासपीठावर राज्यक्रांत्यांविषयी बोलावे, संतांविषयी बोलावे. गिटार वाजवणाऱ्यांविषयी काय बोलायचे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते स्वाभाविकच आहे. परंतु परक्याचे घेतले म्हणजे आपले जाते काय, हा प्रश्न केवळ ग्रंथांत राहत नाही. ज्या घरातला मुलगा दार लावून परदेशी गाणी ऐकत बसतो त्या प्रत्येक घरात तो रोज विचारला जातो. त्या प्रश्नाचे एक उत्तर या वादकांच्या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ १९५८ सालचा. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन संस्थानात टॅकोमा हे बंदराचे गाव आहे. तेथे डॉन विल्सन आणि बॉब बोगल हे दोन तरुण बांधकामावर राबत होते. फावल्या वेळाला विरंगुळा म्हणून त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून दोन जुन्या गिटारी आणल्या. गुरू कोणी नव्हता. तबकड्या ऐकाव्या, हात चालवावा, चुकावे आणि पुन्हा वाजवावे, एवढेच त्यांचे शिक्षण. मोठ्या कंपन्या दारात उभे करीनात, तेव्हा विल्सनच्या आईने, जोसी विल्सन यांनी, मुलांसाठी स्वतःच तबकड्या काढण्याचा व्यवसाय मांडला. १९६० साली त्यांची 'वॉक, डोन्ट रन' ही धून अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. धून मूळची जॉनी स्मिथ या जॅझवादकाची. या पोरांनी ती सोपी, ठसठशीत आणि वेगवान केली. या धुनेत गायन नव्हते. दोन गिटारी, खर्जाची एक गिटार आणि ढोल, एवढाच सरंजाम. गाणारा नाही ही त्या काळी उणीव वाटली असेल. पण पुढे पॅसिफिक महासागर ओलांडताना हीच उणीव त्यांच्या कामी आली.

जपानात ते प्रथम गेले १९६२ साली, आणि तेही दोघेच. चौघांचा खर्च संयोजकांना झेपण्यासारखा नव्हता. विल्सन-बोगल गेले आणि आले. मोठी खळबळ झाली नाही. जानेवारी १९६५ मध्ये मात्र पूर्ण संच गेला. विल्सन आणि बोगल यांच्याबरोबर आता मुख्य गिटारीवर नोकी एडवर्ड्स होता आणि ढोलावर मेल टेलर. हातात कॅलिफोर्नियात बनलेल्या 'मोझराइट' गिटारी होत्या आणि त्यांचा आवाज यंत्रातून सभागृहाच्या भिंतींवर आदळत होता. जाड तारेवर उजव्या हातातली नखी भरभर चालवायची आणि त्याच वेळी डावा हात वरून खाली घसरत न्यायचा, ही त्यांची एक लकब. त्यातून जो ध्वनी निघे त्याला जपानी मुलांनी नाव दिले 'तेके-तेके'. एखाद्या ध्वनीला लोक आपल्या भाषेत नाव देतात तेव्हा तो त्यांच्या घरात शिरला असे खुशाल समजावे. त्या गिटारीला ते 'एलेकी' म्हणू लागले. हा शब्दही गमतीचा आहे. विजेच्या यंत्राला 'एरेकितेरु' म्हणण्याचा प्रघात अठराव्या शतकात डचांकडून नागासाकीच्या वाटेने आला होता. हिरागा गेन्नाई या कल्पक गृहस्थाने असे एक मोडके यंत्र १७७६ साली दुरुस्त करून लोकांना ठिणग्या दाखवल्या होत्या. म्हणजे परकी वीज आपल्या शब्दात बांधून ठेवण्याची कला जपानला नवी नव्हती.

हे वेड इतक्या झपाट्याने का पसरले? त्याची कारणे तीन. पहिले, त्या संगीतात शब्द नव्हते. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही आपण काही गमावतो आहोत असे वाटत नव्हते. दुसरे, ते शिकता येण्यासारखे होते. चार वाद्ये स्वच्छ वेगळी ऐकू येत. चार मित्रांनी एकेक वाटून घ्यावे आणि तबकडी हाच गुरू करावा. तिसरे कारण काळाचे. युद्ध संपल्यावर १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत जपानात मुलांची मोठी पिढी जन्मली, ती १९६५ साली सोळा ते अठरा वर्षांची होती. टोकियोचे ऑलिंपिक नुकतेच होऊन गेले होते, घरात दूरचित्रवाणी आली होती, बापाच्या पगारात थोडी वाढ होती. डॉलरला ३६० येन मोजावे लागत, त्यामुळे मोझराइट कोणाला परवडणार? पण तेइस्को, गुयातोन यांसारखे देशी कारखानदार स्वस्त गिटारी बनवीत होतेच. जून १९६५ पासून तर फुजी दूरचित्रवाणीवर हौशी बँडांच्या स्पर्धा दाखवल्या जाऊ लागल्या.

या दिवसांचे उत्तम चित्र आशिहारा सुनाओ या लेखकाच्या कादंबरीत आहे. तिला १९९१ साली नाओकी पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. शिकोकू बेटावरच्या एका लहान गावातला शाळकरी मुलगा नभोवाणीवर व्हेंचर्सची 'पाइपलाइन' ही धून ऐकतो, जणू अंगावर वीज पडते, आणि तो मित्रांना जमवून बँड काढतो, एवढीच तिची कथा. कादंबरीचे नावही त्या ध्वनीवरूनच ठेवलेले आहे. टोकियोपासून इतक्या दूरच्या गावातले मूल या लाटेत सापडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता वडीलधाऱ्यांची बाजू पाहू. ऑक्टोबर १९६५ मध्ये तोचिगी प्रांतातल्या आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने विद्यार्थ्यांना एलेकीची बंदी केली. गिटार विकत घ्यायची नाही, बँड काढायचा नाही, स्पर्धेत जायचे नाही. इतर ठिकाणच्या शाळांनीही तोच कित्ता गिरवला. एलेकी वाजवणारा मुलगा म्हणजे वाया गेलेला मुलगा, असे समीकरण रूढ झाले. या मंडळींना हसणे सोपे आहे. पण आम्ही हसणार नाही. ज्यांनी युद्धातला पराभव पाहिला, परकी सैन्याची सत्ता सात वर्षे सोसली, त्यांना विजेत्याच्या देशातले वाद्य आपल्या मुलाच्या गळ्यात अडकलेले पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

शिवाय आपणही काही वेगळे वागलो नाही. हार्मोनियम युरोपातून आली. आपण तिचे नाव 'पेटी' ठेवले, पायाचा भाता काढून हाताला दिला, कीर्तनात आणि नाटकात तिला मानाची जागा दिली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिच्यातून काय काढून दाखवले ते महाराष्ट्राला सांगायला नको. असे असूनही १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांचे दार बंद केले, आणि ते किलकिले व्हायला सुमारे तीस वर्षे लागली. या आक्षेपात शास्त्रीय तथ्य होते. पेटीला मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींना नेमके जुळत नाहीत. परंतु वाद्य परके आहे ही कुरकुरही त्यात मिसळलेली होती. शहाणपण नेमके कुठे संपते आणि भीती कुठे सुरू होते, हे त्या त्या काळी कळणे कठीण असते.

भीतीचे उत्तर तरुणांनी दिले ते वादविवादाने नव्हे, वाजवून. तेराउची ताकेशी हा १९३९ साली जन्मलेला वादक शामिसेनचे सूर ऐकत वाढला होता. त्याची आई ते वाद्य शिकवीत असे. त्याने एलेकी हातात घेतली ती व्हेंचर्सची नक्कल करून थांबण्यासाठी नव्हे. उत्तरेकडच्या त्सुगारू भागातल्या शामिसेनच्या धुना, काबुकी नाटकांतले संगीत, इतकेच काय पण बेथोव्हेनची पाचवी सिंफनीदेखील त्याने एलेकीवर आणली. या शेवटच्या रचनेला १९६७ साली जपान रेकॉर्ड पुरस्कारांत वाद्यसंयोजनाचे पारितोषिक मिळाले. पुढे हाच तेराउची देशभरच्या शेकडो शाळांत जाऊन विद्यार्थ्यांसमोर वाजवीत असे. ज्या वाद्याला शाळेच्या फाटकाबाहेर उभे केले होते, ते शाळेच्या सभागृहात सन्मानाने आले.

दुसरा तरुण कायामा युझो. हा चित्रपटातला लाडका नट. डिसेंबर १९६५ च्या एका चित्रपटात त्याने एलेकी वाजवणारा विद्यार्थी रंगवला. तेराउचीही त्यात होता. पण कायामा नुसता नट नव्हता, तो चाली बांधी, आणि त्यासाठी त्याने दान कोसाकू असे टोपणनाव घेतले होते. त्याच्या 'ब्लॅक सँड बीच'सारख्या धुना व्हेंचर्सने स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. येथे इतिहासाला एक वळण मिळते. जे शिकवायला आले होते तेच आता शिष्याची चीज वाजवू लागले. आपल्याकडे बुजुर्ग गवय्याने तरुणाची बंदिश मैफलीत गावी, याचे मोल किती मोठे असते!

यानंतर काळ फिरला. १९६६ च्या जून अखेरीस बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये गाऊन गेले. तरुणांना आता नुसती धून पुरेना. त्यांना गाणारा हवा होता, शब्द हवे होते. गिटारी घेऊन जपानीत गाणारे देशी ताफे निघाले. अमेरिकेत तर व्हेंचर्सची चलती ओसरत चालली होती. १९६९ सालच्या 'हवाई फाइव्ह-ओ' या धुनेने त्यांना एकदा पुन्हा वर नेले. ते तिथले त्यांचे शेवटचे मोठे यश. निःशब्द वाजवणाऱ्या बँडने अशा वेळी काय करावे? जुन्याच धुना वाजवीत राहावे, किंवा दुकान बंद करावे. त्यांनी तिसरा मार्ग धरला. जपानी गळ्यांसाठी त्यांनी चाली बांधल्या.

पहिली मोठी चाल १९६६ सालची 'फुतारी नो गिन्झा', म्हणजे दोघांची गिन्झा. गिन्झा हा टोकियोतला झगमगाटाचा रस्ता. व्हेंचर्सने धून बांधली, तिच्यावर शब्द रचले एइ रोकुसुके यांनी, आणि ती गायिली यामाउची केन आणि इझुमी मासाको या तरुण जोडीने. एइ यांचे नाव येथे विशेष बोलके आहे. सकामोतो क्यू याने गायिलेले त्यांचे एक गाणे १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. पण अमेरिकनांनी त्याचे मूळ नाव टाकून त्याला 'सुकियाकी' या मांसाच्या पदार्थाचे नाव लावले होते! तीन वर्षांनी त्याच कवीने अमेरिकनांच्या चालीला जपानी शब्द दिले, आणि या वेळी गाण्याचे नाव त्याच्या स्वतःच्या भाषेत राहिले. इझुमी मासाको या नटीची आणखी एक ओळख सांगण्याचा मोह आवरत नाही. १९८९ साली ती हिमवाहनाने उत्तर ध्रुवावर जाऊन पोहोचली.

आधी चाल, मग शब्द, ही रीत ऐकून कोणी नाक मुरडील. पण आपले नाट्यसंगीत तरी कसे जन्मले? किर्लोस्करांनी साक्या-दिंड्यांच्या, कीर्तनांतल्या आणि कानडी वळणाच्या तयार चालींवर पदे बसवली. १९११ सालच्या 'मानापमाना'त टेंब्यांच्या ठुमरी वळणाच्या चालींवर खाडिलकरांनी शब्द बांधले. चाल बाहेरची, शब्द घरचे, आणि गाणारा गळा असा की ऐकणाऱ्याला सांधा दिसू नये. अशाच सांध्यातून 'आपले' म्हणून जे असते ते तयार होते.

जपानी लोकप्रिय गीतांच्या वळणाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्या गीतांत एक पाच स्वरांची पद्धत फार चालते. तिच्यात सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर वर्ज्य असतो. आपल्या भूपात मध्यम आणि निषाद नसतात, तसेच हे. तिचे दुसरे रूप कोमल गंधार आणि कोमल धैवताचे, अधिक उदास. व्हेंचर्सच्या गिटारींचा कलही उदास स्वरांकडे होताच. वेग मात्र नाचाचा. उदास स्वर आणि धावती लय यांचा हा संगम जपानी कानाला पटला. परका पाहुणा आणि घरचा स्वभाव यांच्यात आधीपासूनच एक समान धागा होता, म्हणून गाठ बसली. कोणतीही वस्तू कोठेही रुजत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

१९६७ साली ओकुमुरा चियो हिने त्यांच्या चालीवर होक्काइदोच्या निळ्या आकाशाचे गाणे गायिले. १९७० साली ओसाकाला जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने व्हेंचर्सने बांधलेल्या धुनेचे नाव होते 'एक्स्पो सेव्हन-ओ'. म्हणजे धून जन्मली ती यंत्रयुगाच्या जत्रेसाठी. हायाशी हारुओने तिच्यावर शब्द घातले ते क्योटोचे, आणि ती झाली 'क्योटो नो कोई'. त्या वेळी बँडच्या मुख्य गिटारीवर गेरी मॅक्गी होता. फ्रेंच बोलणाऱ्या लुइझियानातल्या एका नामांकित फिडलवादकाचा तो मुलगा. पुढच्या वर्षीचे 'आमे नो मिदोसुजी' हे गाणे तर या सगळ्यावर कळस म्हणावे असे. मिदोसुजी हा ओसाकाचा, दुतर्फा गिंको वृक्षांचा, राजरस्ता. त्या रस्त्यावरच्या पावसाचे हे गाणे. चाल अमेरिकनांची, शब्द जपानी, आणि गाणारी ओयांग फेइफेइ ही तैवानहून नुकतीच आलेली बावीस वर्षांची मुलगी! ओसाकाच्या लोकांनी हे गाणे आपल्या शहराचे म्हणून उराशी धरले. या साऱ्या प्रकाराला पुढे 'व्हेंचर्स गीते' असे स्वतंत्र नावच पडले.

यावर एक आक्षेप असा की, हा सगळा तबकड्या विकण्याचा व्यवहार. यात संस्कृतीची देवघेव कसली? व्यवहार होता हे आम्ही नाकारीत नाही. कंपनीला खप हवा होता आणि वादकांना पोट होते. पण नाटक कंपन्यांनाही तिकिटे विकावी लागतच होती. खरा प्रश्न असा की, व्यवहारातून जे निर्माण झाले ते व्यवहार संपल्यावर उरले की नाही? क्योटोचे ते गाणे नंतरच्या पिढ्यांतल्या गायिकांनी पुन्हा पुन्हा गायिले. आणि ज्या मुलांना १९६५ साली एलेकीची बंदी होती, ती नोकरीतून निवृत्त होता होता पुन्हा गिटारी घेऊन बसली. पोक्त गृहस्थांचे असे हौशी बँड जपानात गावोगाव आहेत.

व्हेंचर्सनीही जपानला सोडले नाही. अमेरिकेने त्यांना जवळजवळ विसरावे आणि जपानने दरवर्षी बोलवावे, असे अनेक दशके चालले. १९९६ साली जपानच्या दौऱ्यात मेल टेलरला दुर्धर आजाराने गाठले आणि थोड्याच दिवसांत तो निवर्तला. ढोलावर त्याचा मुलगा लिऑन बसला. २००८ साली अमेरिकेच्या रॉक संगीताच्या कीर्तिमंदिरात त्यांचे नाव लागले. २०१० साली जपान शासनाने उगवत्या सूर्याच्या नावाचा आपला मानाचा किताब देऊन त्यांचा गौरव केला. बोगल २००९ साली गेला, एडवर्ड्स २०१८ साली. गेरी मॅक्गीने २०१९ साली जपानच्या दौऱ्यावर असतानाच देह ठेवला. डॉन विल्सन २०२२ साली गेला. १९६५ च्या त्या चौघांपैकी आज कोणी उरले नाही; बँड मात्र पुढच्या पिढीच्या हाती चालू आहे.

हा इतिहास पाहिल्यावर आमच्या मनात दोन गोष्टी राहतात. पहिली घेणाऱ्याविषयी. जपानी तरुणांनी परके वाद्य घेतले म्हणून शामिसेन बुडाले नाही. उलट शामिसेनच्या धुना नव्या आवाजात वाजू लागल्या. घेणाऱ्याजवळ स्वतःचे काही असले तर घेतलेले त्याचे होते. तेराउचीच्या कानात आईचे शामिसेन नसते तर तो केवळ नकलाकार राहिला असता. तेव्हा मुलगा परदेशी गाणी ऐकतो याची चिंता करण्याआधी, त्याच्या कानात घरचे काय पडते याची चिंता आपण केली पाहिजे.

दुसरी गोष्ट देणाऱ्याविषयी, आणि ती सहसा बोलली जात नाही. व्हेंचर्स जपानात टिकले ते आपण श्रेष्ठ म्हणून नव्हे. आपल्याहून लहान वयाच्या, परक्या भाषेत गाणाऱ्या मुलींसाठी चाल बांधून स्वतः मागे उभे राहण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, म्हणून ते टिकले. आपल्या धुनेला दुसऱ्याने दिलेले नाव, दुसऱ्याने घातलेले शब्द, दुसऱ्याचा गळा, हे सर्व त्यांनी स्वीकारले. मध्यम वयात आलेल्या कलावंताला, किंबहुना कोणाही वडीलधाऱ्याला, याहून अवघड दुसरे काही नसते. भिंत उभी राहिली की तिच्यात गवंडी दिसत नाही. घर राहणाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. टॅकोमाच्या त्या दोघांना हे बहुधा तरुणपणीच, थापी हातात असताना, कळले असावे.